झोंबतं ते कशामुळे? मुलांचं सॅनिटायझर निवडताना

माझी सहा वर्षांची भाची सॅनिटायझरचा थेंब पडला की हात झटकते. ‘झोंबतंय!’ परवा तिची बोटं उजेडात धरून पाहिली. पेरांवर बारीक पांढऱ्या रेघा आणि त्यांच्या कडेने लाली. तिच्या आईने ‘अल्कोहोल-फ्री, मुलांसाठी सौम्य’ असं लिहिलेली बाटली आणायचं ठरवलं होतं. अल्कोहोल नसलं की सौम्य, हा समज फार पसरलाय, म्हणून हा लेख.

आधी झोंबण्याचंच पाहू, कारण ती गोष्ट मला विलक्षण वाटते. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते म्हणजे पेशीच्या आवरणातलं एक दार. तापमान साधारण ४२-४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दार उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूला निरोप जातो, ‘भाजतंय!’ मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं, म्हणून तिखटाने तोंडाची अक्षरशः आग होते. हे प्रथिन शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. अल्कोहोल हे दार स्वतः ढकलत नाही. ते कितव्या अंशाला उघडायचं, तो आकडाच खाली आणतं, साधारण ३४ अंशांपर्यंत. आपल्या रक्ताची ऊब त्याहून जास्त असते. म्हणजे उडून जाताना हात गार करणारं अल्कोहोल आपल्याला आपल्याच अंगाच्या उबेने भाजल्यासारखं वाटायला लावतं!

पण त्यासाठी ते मज्जातंतूपर्यंत पोचायला हवं. धडधाकट त्वचेत ते सहजी पोचत नाही. सर्वात वरचा थर मृत पेशींचा असतो. त्या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं हे मेद म्हणजे त्यांच्यामधला चुना. मुलांमध्ये हा थर पातळ असतो. साबण या मेदातला काही भाग पाण्याबरोबर वाहून नेतो. अल्कोहोलही मेद विरघळवतं, पण ते उडून गेल्यावर बराचसा मेद हातावरच राहतो. त्यामुळे अल्कोहोलला आत वाट देणाऱ्या भेगा पुष्कळदा वारंवार साबण, गरम पाणी आणि कोरडी हवा यांनी पडलेल्या असतात, आणि दोष जातो अल्कोहोलकडे. आम्ही भाचीच्या हातांना रोज रात्री पेट्रोलियम जेली चोळली. भेगा भरल्यावर त्याच बाटलीतला थेंब तिने मुकाट्याने चोळून घेतला.

म्हणून अल्कोहोल कमी करू नका. ते किमान ६० टक्के हवं. शुद्ध अल्कोहोल मात्र कमी परिणामकारक, कारण जंतूंची प्रथिनं उलगडून निकामी व्हायला थोडं पाणीही लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ८० टक्के इथेनॉल आणि १.४५ टक्के ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन, आहे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. सौम्यपणा शोधायचा तो इथे, आणि सुगंध नसण्यात, कारण सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते. अल्कोहोलऐवजी वापरलं जाणारं बेंझाल्कोनियम क्लोराइड झोंबत नाही, पण सगळ्या जंतूंवर सारखं चालत नाही आणि त्यानेही काहींची त्वचा चुरचुरते.

‘केमिकल-फ्री’ हा शब्द दिसला की मला खरोखर राग येतो. पाणीसुद्धा रसायनच आहे. कोरफडीचा गर घालून घरी सॅनिटायझर करण्याच्या कृतीही फिरतात. ७० टक्के अल्कोहोलचे दोन भाग आणि गराचा एक भाग घेतला तर अल्कोहोल उरतं साधारण ४७ टक्के. कोरफडीच्या नावाखाली मुलाच्या हातावर जंतू तसेच राहतात. हात मळलेले असतील किंवा घरात उलट्या-जुलाबांची साथ असेल तर साबण-पाणीच हवं. नोरोव्हायरसला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे तो अल्कोहोलला सहज दाद देत नाही.

फळांच्या वासाची, रंगीत बाटली मात्र घेऊच नका. मुलं ती तोंडाला लावतात. पोटात गेलेलं अल्कोहोल यकृताला नवीन ग्लुकोज बनवू देत नाही, आणि लहान मुलांचा साखरेचा साठा तोकडा असल्याने रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बाटली उंच फळीवर ठेवा, थेंब मोठ्यांनीच द्यावा आणि हात पूर्ण कोरडे होईपर्यंत समोर उभं राहून चोळून घ्यावेत. तोवर डोळे चोळू देऊ नका. घोट गेलाच तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या, बाटली सोबत घेऊन.