एलडीआर आणि सोलर सेल: प्रकाश दोघांवर पडतो, वीज एकच देतो

बेळगावात सोलरचे दिवे आता गल्लोगल्ली दिसतात, आणि साध्या विजेच्या दिव्यांवरही अंधार ओळखणारा फोटोसेल असतो. प्रकाश पडला की दोन्हींत काहीतरी होतं, म्हणून फोटोसेलमधला एलडीआर, म्हणजे प्रकाशात रोध घटणारा घटक, आणि पॅनेलमधला सोलर सेल एकच समजले जातात. पहिली पायरी खरंच एक आहे. फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा मिळून इलेक्ट्रॉन संयुजा पट्ट्यातून (जिथं तो अणूंशी बांधलेला असतो) वहन पट्ट्यात (जिथं तो मोकळा फिरतो) जातो आणि मागे रिकामी जागा, म्हणजे होल, राहते. पुढं या जोडीचं काय होतं, तिथं सगळा फरक आहे.

एलडीआर कॅडमियम सल्फाइडचा असतो. त्याच्या पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक), म्हणून तो हिरव्या प्रकाशाला चांगली दाद देतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला एका दिशेला ओढणारं काही त्यात नसतं. बाहेरून व्होल्टेज दिलं तरच प्रवाह वाहतो. होल मात्र स्फटिकातल्या दोषांत अडकून बसतात, त्यामुळे एका फोटॉनमागे अनेक इलेक्ट्रॉन सर्किटमधून जाऊ शकतात. संवेदनशीलता येते ती यातूनच, आणि संथपणाही. अंधार केल्यावर रोध पूर्ण चढायला काही सेकंद लागतात.

सोलर पॅनेलमधल्या सिलिकॉन सेलमध्ये पी-एन जोड, म्हणजे दोन प्रकारच्या सिलिकॉनची सीमा, असतो. त्या जोडाचं अंगचंच विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकीकडं आणि होलला दुसरीकडं ढकलतं, म्हणून बाहेरचं व्होल्टेज नसतानाही टोकांवर सुमारे ०.६ व्होल्ट मिळतात. इथं एका फोटॉनमागे फार तर एकच इलेक्ट्रॉन. अंतर १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यानं अवरक्त प्रकाशाचाही काही भाग उपयोगी पडतो.

बारावीच्या पुस्तकातला प्रकाशविद्युत परिणाम या दोन्हींहून वेगळा. त्यात इलेक्ट्रॉन धातू सोडून बाहेरच पडतो. जस्ताला त्यासाठी सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. आईनस्टाईननं १९०५ मध्ये उलगडा केला तो याचा. पॅनेल समजावताना या परिणामाचं नाव घेणं म्हणजे गल्लत.

मल्टीमीटरनं फरक लगेच कळतो. सुटा एलडीआर उन्हात धरून डीसी व्होल्टवर मोजला तर शून्य. ओहमवर मोजला तर उन्हात काहीशे ओहम किंवा त्याहूनही कमी आणि अंगठ्यानं झाकल्यावर मेगाओहमच्या घरात. सोलर सेलचं उलट: व्होल्टवरच मोजावा, कारण त्याचं स्वतःचं व्होल्टेज ओहमचं रीडिंग बिघडवतं. एलडीआर वापरताना पाच व्होल्ट आणि ग्राउंड (शून्य व्होल्ट) यांच्यामध्ये १० किलोओहमच्या रोधाबरोबर एकसरीत जोडतात. रोध ग्राउंडच्या बाजूला ठेवला, तर त्यावर अंधारात ०.०५ व्होल्ट आणि एलडीआर ५०० ओहमवर आला की ४.७६ व्होल्ट मिळतात.

बिघाडही वेगवेगळे. फोटोसेलचं तोंड स्वतःच्याच दिव्याकडं राहिलं की दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. तोंड वळवणं हाच उपाय. उघडण्याआधी मेन बंद करावा, आत २३० व्होल्ट असतात. आषाढात कणकुंबी-जांबोटीकडं आभाळ गच्च भरून भरदुपारी दिवा लागला तर तो बिघाड नव्हे. पॅनेलला खरा त्रास उष्णतेचा: एप्रिलच्या उन्हात सेल ६० अंशांवर गेला, तर २५ अंशांच्या तुलनेत शक्ती दहा-पंधरा टक्के घटते. उद्यमबागेकडं फाउंड्र्यांची धूळ बसते, ती थंड वेळी, सकाळी पाण्यानं पुसावी. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको.

आता घोटाळ्याचं मूळ. बहुतेक सोलर पथदिव्यांत एलडीआर नसतोच. दिवा आणि बॅटरी सांभाळणारा कंट्रोलर पॅनेलचंच व्होल्टेज पाहतो आणि ते ठरावीक मर्यादेखाली गेलं की दिवा लावतो. म्हणून शेजारच्या खांबाचा झोत पॅनेलवर पडला, तर रात्र होऊनही दिवा लागत नाही. तपासायला दिवसा पॅनेल गोणपाटानं पूर्ण झाकावं आणि काही मिनिटं थांबावं, कारण कंट्रोलर मुद्दाम उशीर करतो. दिवा लागला, तर पॅनेल आणि कंट्रोलर ठीक. नाहीच लागला, तर आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजावं.