52 − 27 = 35: चूक नेमकी कुठे झाली?

तिसरीतल्या मुलाच्या वहीत 52 − 27 = 35 दिसलं की लाल फुली पडते आणि गुण जातात. पण या उत्तरापर्यंत दोन वाटांनी जाता येतं. एका मुलाने एककात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: 7 − 2 = 5, मग 5 − 2 = 3. दुसऱ्याने हातचा घेतला, 12 − 7 = 5 बरोबर केलं, पण दशकाच्या घरातल्या 5 चे 4 करायचे राहिले. पहिल्याला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच उमगलेलं नाही; दुसऱ्याची फक्त एक पायरी निसटते.

दोष खरं तर उदाहरणाच्या निवडीत आहे. दोन एककांमधला फरक 5 असला की दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. 27 च्या जागी 28 घ्या. आता पहिला 36 लिहील, दुसरा 34, आणि बरोबर उत्तर आहे 24. शून्याचंही एक उदाहरण हवंच. 40 − 16 चं उत्तर 30 आलं, तर ते मूल ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्यच’ असं धरून चाललं आहे.

ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी 1978 मध्ये मुलांच्या वजाबाक्या तपासून हेच दाखवलं होतं: बऱ्याच चुका धांदलीच्या नसतात, मूल स्वतःचा एक चुकीचा नियम इमानाने पाळत असतं. म्हणून एका प्रकारची किमान तीन उदाहरणं द्यावीत. एकदाच चुकलं तर नजरचूक. दोन-तीनदा तशीच चूक झाली तर नियम.

उदाहरणं फळ्यावर लिहूनच द्या. तोंडी सांगितली तर ‘सत्तेचाळीस’ ऐकून 74 लिहिणारी मुलं निघतात, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. मग वजाबाकी चुकली की संख्यालेखन, ते कळत नाही. नंतर चुकलेल्या मुलाला जवळ बसवून विचारा, “हे कसं काढलंस, सांग बरं.” मधे सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही. दोन-तीन मिनिटं पुरतात.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा (शिकताना वर्षभर होणाऱ्या तपासणीचा) भार 60 टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) 40 टक्के ठरला, तोंडीकाम आणि दैनंदिन निरीक्षणही साधनं म्हणून मान्य झाली. आमच्या मते ही तरतूद फार मोलाची आहे, पण नोंदवहीत ‘वजाबाकीत सुधारणा आवश्यक’ एवढंच लिहिलं तर ती वाया जाते. ‘हातचा घेतो, दशक कमी करत नाही’ अशी नोंद हवी. ती वाचून पुढचं काम ठरतं: या मुलाला दशकाचा अंक खोडून वर नवा लिहायची सवय लावायची, मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याच्या हातात मात्र दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन 28 बाजूला काढायला सांगायचं. गठ्ठा सोडल्याशिवाय आठ सुट्या मिळतच नाहीत.

आठवड्याने पुन्हा तपासा, पण नव्या संख्या घेऊन. जुन्या उदाहरणांची उत्तरं मुलांना पाठ झालेली असतात.