लैंगिक छळ प्रतिबंध प्रशिक्षण, कामाच्या ठिकाणचे (खानदेश)

कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा होणारा लैंगिक छळ ओळखणे, तो रोखणे व त्याची दाद मागणे यांविषयी कर्मचारी, मालक आणि चौकशी समितीचे सदस्य यांना दिले जाणारे शिक्षण. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील कचेऱ्यांत याला ‘पॉश ट्रेनिंग’ म्हणतात (‘पॉश’ हे ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ याचे लघुरूप). ‘विशाखा’ हे नाव त्याहून जुने आहे.

विशाखा हे पीडितेचे नाव असावे, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. विशाखा ही सर्वोच्च न्यायालयातील याचिकाकर्त्यांपैकी राजस्थानातील एक संस्था. याचिकेमागची घटना भंवरी देवी यांच्यावरील अत्याचाराची. त्या राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्या होत्या. बालविवाह रोखण्याचे काम केले म्हणून १९९२ मध्ये भटेरी गावात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांची जागा कामाच्या ठिकाणच्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाने घेतली. तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आहे. चौकशी समितीसाठी बोलण्यात येणारा ‘विशाखा समिती’ हा शब्द अधिनियमात कोठेही नाही. मूळ संज्ञा ‘अंतर्गत तक्रार समिती’ अशी होती. २०१६ च्या दुरुस्तीने त्यातील ‘तक्रार’ गळून ‘अंतर्गत समिती’ एवढेच उरले. जुने फलक मात्र बऱ्याच ठिकाणी तसेच आहेत.

प्रशिक्षणाचा उगम कोठला, याविषयी दोन मते संभवतात. एका मतानुसार ते अमेरिकेतून आले. ‘लैंगिक छळ’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा तेथे १९७५ च्या सुमारास रूढ झाली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ मधील दोन निकालांनंतर प्रशिक्षण हे मालकाच्या बचावाचे साधन बनले. दुसरे मत ते भारतीय स्त्री चळवळीशी व विशाखा निकालाशी जोडते. कर्तव्याचा कायदेशीर पाया पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पडद्यावर चित्रफिती दाखवून शेवटी प्रश्नोत्तरे घेण्याचा साचा मात्र बहुधा पहिल्या वाटेने आला. त्या साच्याची मर्यादा अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या अभ्यासगटाने २०१६ मध्येच नोंदवली: खटल्यापासून बचाव हाच हेतू धरून दिलेल्या प्रशिक्षणाने छळ रोखला जात नाही.

अधिनियमाच्या कलम १९ नुसार ‘नियमित अंतराने’ कार्यशाळा घेणे मालकावर बंधनकारक आहे. वर्षातून एकदा ही प्रथा आहे, कायद्याची अट नव्हे. समिती सदस्यांचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते. चौकशीची ९० दिवसांची मुदत, कलम १६ ची गोपनीयता, तक्रारदार महिलेला चौकशीकाळात मिळू शकणारी तीन महिन्यांपर्यंतची रजा हे त्यांचे विषय. कामगारांपुढे ते वाचत बसण्यात वेळ जातो. खोट्या तक्रारीवरील कारवाईच्या कलम १४ चा उल्लेख अनेक वक्ते धाकासारखा करतात, ही गंभीर चूक आहे. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे व ते आधी सांगितले पाहिजे.

खानदेशात कामाचे ठिकाण म्हणजे नेहमीच कचेरी नसते. जिनिंगचा हंगाम, नंदुरबारची मिरची पथारी (मिरची वाळवण्याची मोकळी जागा), भुसावळ परिसरातील कंत्राटी कामे येथे बाईची गाठ मालकाशी नव्हे, मुकादमाशी पडते. ठेकेदारामार्फत आलेली रोजंदारी मजूरही कायद्याने कर्मचारीच आहे, हे मुकादमासमोर सांगितल्यावर बैठकीचा नूर पालटतो. उदाहरणही तिथलेच हवे. हजेरीची वही हातात धरून मुकादम म्हणतो, “संध्याकायले थांबी जाय, तुनी पुरी हजेरी लाई दिसू.” (संध्याकाळी थांब, तुझी पूर्ण हजेरी लावून देईन.) यात स्पर्श नाही, शिवी नाही. तरीही कामातल्या फायद्याचे आमिष म्हणून ते कलम ३ मध्ये बसते. हे वाक्य अहिराणीत मांडले की बायका आपापसांत बोलू लागतात. शुद्ध मराठीत ‘लैंगिक स्वरूपाची मागणी’ म्हटले की माना खाली जातात. सातपुड्यात हेच भिली व पावरी भाषांना लागू पडते.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आशा व अंगणवाडी सेविकांसाठी सुरुवात भंवरी देवींपासून करणे योग्य, कारण त्यांचेही कामाचे ठिकाण गावच होते. कामानिमित्त भेट दिलेली कोणतीही जागा कामाचे ठिकाण धरली जाते.

दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते. त्यासाठी नंदुरबार गाठण्याची गरज नाही. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांत पुढे पाठवायची असते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असल्यास आणखी तीन. लिहिता येत नसलेल्या महिलेला तक्रार लिहून देण्याचे साहाय्य समितीने करायचे आहे. त्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव व फोन नंबर कार्यशाळेतच मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून तो सर्वांच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला जातो. मोबाइल नसलेल्यांना चिठ्ठी देतात.