जकात गेली, घरपट्टी राहिली: नगरपरिषदेच्या तिजोरीची पार्श्वभूमी

लहान शहरात नळाला दिवसाआड पाणी का येतं, हे शोधायला निघालं की शेवटी नगरपरिषदेच्या आकारणी यादीपाशी, म्हणजे कोणत्या मिळकतीवर किती कर ते सांगणाऱ्या यादीपाशी, येऊन थांबावं लागतं.

1850 च्या 26 व्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या गावांना नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली. सक्ती नव्हती, रहिवाशांची तयारी लागे. सोलापूर (1852) आणि सातारा (1853) या सुरुवातीच्या नगरपालिका. घरावर कर म्हटलं की लोक बिथरत, त्यामुळे गावात येणाऱ्या मालावरची जकात सगळ्यांनाच सोयीची वाटली. गाडी नाक्यावर अडवायची, रोख घ्यायची, भरणा तिजोरीत. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या 1882 च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडून आलेले सभासद वाढले, कमाईचं साधन मात्र तेच राहिलं.

आजचा कारभार चालतो तो 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमावर. लोकसंख्या 1 लाखाच्या वर असेल तर ‘अ’ वर्ग, 40 हजारांच्या वर ‘ब’, त्याखाली ‘क’. निर्णय सभेचा, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची. 1993 साली 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांकडे सोपवायचे 18 विषय आले. कामं वाढली, पण ती करायला हक्काचं उत्पन्न मिळालं नाही. उलट 1999 साली राज्यातल्या नगरपरिषदांची जकात बंद झाली. बदल्यात शासनाचं सहायक अनुदान सुरू झालं, आणि बहुतेक ठिकाणी ते पगारातच संपतं. वित्त आयोगाचा निधी येतो, पण पंधराव्या आयोगाने त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिले. उरलेल्यातून पगार करता येत नाहीत.

पाणीपट्टीने हा खड्डा भरत नाही. साताऱ्यात कास तलावाचं पाणी उताराने येतं, शहापूर योजनेचं उपसावं लागतं. ज्या शहराला सगळंच पाणी उपसायचं आहे, तिथे वीजबिल आधी भरावं लागतं. गळक्या वाहिन्या बदलायची पाळी त्यानंतर.

म्हणजे स्वतःच्या हातातली मोठी बाब एकच, घरपट्टी. घराला दरमहा 2,000 रुपये भाडं येऊ शकेल असं धरलं, तर वर्षाचे 24,000. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून 21,600 हे करपात्र मूल्य. सभेने ठरवलेल्या टक्क्यांनी त्यावर कर बसतो. बिलातला शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर शासनाचा. नगरपरिषद तो फक्त गोळा करते. बिलाची सगळी रक्कम नगरपरिषदेची, हा समज म्हणूनच चुकीचा.

फेरआकारणी, म्हणजे मिळकतींचं मूल्य नव्याने ठरवणं, दर चार वर्षांनी व्हायला हवी. निवडणूक तोंडावर असली की ती पुढे ढकलली जाते, अनेक वर्षांची वाढ मग एकदम अंगावर येते, मोर्चे निघतात, स्थगिती मिळते आणि जुनेच दर चालू राहतात. हे चक्र आम्हाला फार घातक वाटतं. वाढीव मजले आणि घराखाली निघालेली दुकानं नोंदीत येतच नाहीत. जो प्रामाणिकपणे नोंद करतो त्याच्यावरच बोजा पडतो.

फेरआकारणीची प्रारूप (कच्ची) यादी लागली की हरकतीसाठी किमान 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत तीन गोष्टी तपासाव्यात: क्षेत्रफळ, वापर (राहती जागा ‘व्यापारी’ म्हणून पडली का) आणि धरलेलं भाडं. हरकत लेखी द्यावी, सोबत बांधकाम परवानगी, मोजमापाचा नकाशा, असल्यास भाडेकरार जोडावा आणि पोच घ्यावी. ‘कर जास्त आहे’ एवढ्यावर सुनावणीत काही होत नाही. खोली 10 बाय 12 ची असताना यादीत 12 बाय 15 लागली आहे, असं दाखवलं तर दुरुस्ती होते. बिल थकलं की दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) सुरू होते, आणि यादी एकदा कायम झाली की पुढच्या फेरआकारणीपर्यंत तिच्यावरच बिलं निघतात.