जेन्शियनच्या बीला हिवाळा कसा कळतो?

आल्प्स पर्वतातील जेन्शियन या गडद निळ्या फुलांच्या वनस्पतीचे बी हल्ली गोव्यात घरबसल्या मागवता येते आणि त्यासोबत एक सल्लाही हमखास मिळतो: पाकीट महिनाभर फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पेरा. या सल्ल्यात थंडी आहे, पण पाणी नाही, आणि म्हणूनच तो पाळूनही बी रुजत नाही.

जेन्शियाना अकॉलिस ही जेन्शियनची एक परिचित जाती. जेमतेम बोटभर उंचीची ही वनस्पती सुमारे १४०० ते ३००० मीटर उंचीवरील कुरणांत वाढते. तिचे बी उन्हाळा सरता सरता पिकते. ते लगेच उगवले, तर कोवळे रोप पहिल्याच हिमात मरेल. म्हणून पूर्ण हिवाळा उलटल्याची खात्री होईपर्यंत बी सुप्त राहते.

ही खात्री दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर अवलंबून असते. अ‍ॅब्सिसिक आम्ल अंकुरणाला अडवते, तर जिबरेलिन त्याला चालना देते. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीवरील संशोधनातून या यंत्रणेचे बारकावे उलगडले आहेत. ओलसर बी थंडीत राहिले की जिबरेलिनच्या निर्मितीची शेवटची पायरी पार पाडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक अधिक सक्रिय होते. तयार झालेले जिबरेलिन आपल्या ग्राही (संदेश टिपणाऱ्या) प्रथिनाला चिकटते. ही जोडी डेला नावाच्या प्रथिनांना पकडते, आणि वाढ रोखून धरणारी ही प्रथिने पेशीतील विघटनयंत्रणेकडून नष्ट केली जातात. त्यानंतरच भ्रूणाभोवतीचे आवरण मऊ पडते आणि मूळ बाहेर येते. हा बदल आठवडे घेत साचत जातो, त्यामुळे थंडीच्या दोन-चार दिवसांनी बी फसत नाही. मात्र कोरड्या बीतील पेशीद्रव काचेसारखे घट्ट असते, त्यात विकरांचे काम जवळजवळ थांबलेले असते, आणि म्हणून पाकिटातील बीच्या दृष्टीने फ्रीजमधला महिना हिवाळ्यात मोजलाच जात नाही.

योग्य पद्धत अशी की, बी धुतलेल्या ओलसर वाळूत मिसळून बंद पिशवीत घालावे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात २ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात सहा ते आठ आठवडे ठेवावे आणि नंतर मातीने न झाकता पृष्ठभागावरच पेरावे, कारण त्याला उजेडही हवा असतो. प्रयोगशाळेत जिबरेलिक आम्लात बी भिजवून हाच परिणाम लवकर साधतात.

अंकुर फुटले तरी गोव्यात खरी अडचण पुढेच आहे. वनस्पतीचे श्वसन तापमानातील दर १० अंशांच्या वाढीमागे ढोबळमानाने दुप्पट होते. आल्प्समधील थंड रात्रींत दिवसभर तयार झालेली बरीच शर्करा शिल्लक राहते. पणजीत मात्र जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण २० अंशांच्या आसपास असते आणि पावसाळ्यात त्याहून जास्त, त्यामुळे रोप दिवसाची कमाई रात्रीतच खर्च करते. कुंडीत बर्फाचे खडे ठेवण्याचा उपाय आवेशाने सांगितला जातो. त्याने वरची माती थोडा वेळ गार होते, पण पानांभोवतीची रात्र तशीच उबदार राहते.

जेन्शियनच्याच कुळातील एक्झॅकम प्रजाती मात्र आपल्या हवामानात सुखाने नांदते. तिच्यातील, पांढऱ्या पाकळ्यांना निळी टोके असलेली उदी चिराईत पश्चिम घाटाच्या परिसरातील गवताळ सड्यांवर (खडकाळ पठारांवर) पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते. तिचे परागकोश लांबीने न उकलता टोकावरील सूक्ष्म छिद्रांतून पराग सोडतात. मधमाशी फुलाला बिलगून उड्डाणाचे स्नायू थरथरवते, तेव्हा पराग बाहेर उडतो. या कुळातील अनेक वनस्पती कडू असतात आणि कडू काढ्याने रक्तातली साखर मरते अशी समजूत घरोघरी आढळते. परंतु कडवटपणा हा एखादा रेणू आणि जिभेवरील ग्राही यांच्यातील संबंध आहे, त्यावरून औषधी गुण ठरत नाही आणि मधुमेहाच्या गोळ्या तर मुळीच थांबवू नयेत.

सड्यावरचे झाड उपटून आणू नये. सड्यावरील मातीचा थर पातळ असतो आणि बी पडण्याआधी उपटलेले रोप पुढच्या वर्षीची रोपेही सोबत नेते. कुंडीसाठी सोकोत्रा बेटावरची, रोपवाटिकांत वाढवली जाणारी एक्झॅकम अफाइन निवडावी. तिच्या बीला थंडीची गरज नसते. चिऱ्याची बारीक खडी मिसळलेली, पाणी न साचणारी माती, सकाळचे कोवळे ऊन आणि पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोसा एवढे तिला पुरते.