तुळस ओझोन सोडत नाही, आणि तेच बरं आहे

'तुळस दिवसातले 20 तास ऑक्सिजन आणि 4 तास ओझोन देते' हा मजकूर दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर फिरून येतो. तुळशीवरची आपली माया जागच्या जागी ठेवून सांगते, कोणतीही वनस्पती ओझोन बनवून हवेत सोडत नाही. उलट हवेतला ओझोन पानांच्या रंध्रांतून आत शिरतो आणि पेशींना इजा करतो; गव्हाचं उत्पादन त्याने घटतं. एखादं झाड खरंच दारात रोज 4 तास ओझोन ओतत असतं, तर ते उपटून टाकावं लागलं असतं.

ओझोन चांगलाच, ही समजूत शाळेतल्या धड्यामुळे पक्की झाली आहे. वातावरणातला सुमारे 90 टक्के ओझोन खूप उंचावर, स्थितांबरात असतो आणि सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. तोच रेणू आपल्या नाकाशी आला की विष ठरतो.

तो खाली तयार कसा होतो, ही या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ऑक्सिजनच्या रेणूला ऑक्सिजनचा एक सुटा अणू चिकटला की ओझोन होतो. प्रश्न फक्त सुट्या अणूचा. उंचावर 242 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण ऑक्सिजनचा रेणूच फोडतात. ते किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. मग खाली हा अणू देतो कोण? नायट्रोजन डायऑक्साइड. इंजिनाच्या उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड बनतो, आणि त्याचा पुढे डायऑक्साइड होतो. त्याचा बंध इतका कच्चा, की 400 नॅनोमीटरच्या आसपासचा, जमिनीवर सहज पोचणारा प्रकाशही तो तोडतो. अणू सुटतो, ओझोन होतो.

पण मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच ओझोनमधला एक अणू परत घेतो आणि पुन्हा डायऑक्साइड होतो. हिशेब शून्य! एवढंच घडत असतं तर ओझोन फारसा साचला नसता. इथे येतात पेट्रोलच्या, थिनरच्या, जळत्या कचऱ्याच्या वाफा, आणि हो, झाडांच्या वाफाही. हवेतला हायड्रॉक्सिल हा अतिशय चपळ कण त्यांच्यातला हायड्रोजन हिसकावतो. उरलेला तुकडा ऑक्सिजनला धरून पेरॉक्सी रेडिकल नावाचा कण बनतो. आणि हा रेडिकल आपला ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडला देऊन टाकतो. म्हणजे ओझोन खर्ची न पडताच डायऑक्साइड परत तयार! चक्र फिरत राहतं आणि ओझोन शिल्लक पडत जातो.

म्हणूनच ऐन गर्दीच्या चौकात, जिथे ताजा नायट्रिक ऑक्साइड भरपूर, तिथे ओझोन कमी सापडतो आणि वाऱ्याच्या दिशेने दूरच्या उपनगरात जास्त. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वाहनं थांबली, तरी अनेक शहरांत ओझोन वाढला, त्याचंही मोठं कारण हेच: ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड घटला. नुसत्या गाड्या कमी करून भागत नाही, वाफाही आवराव्या लागतात.

हे कोडं उलगडलं लॉस एंजेलिसमध्ये. 1943 पासून तिथे डोळे झोंबवणारं धुरकं पडू लागलं. तिथल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेतले एरी हागेन-स्मिट हे अननसाच्या वासाचं रसायनशास्त्र अभ्यासणारे संशोधक. त्यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांचा धूर, तेलाच्या वाफा आणि ऊन यांतून हे धुरकं आणि त्यातला ओझोन घडतो. ओझोन मोजायला त्यांनी वाकवलेली रबराची पट्टी वापरली. तिला भेगा पडायला लागणारा वेळ म्हणजे मोजमाप. बरणीला ताणून लावलेल्या जुन्या रबरबँडवर आडव्या बारीक चिरा दिसतात ना, त्या बहुतेक ओझोनच्याच. नैसर्गिक रबरातले कार्बनचे दुहेरी बंध तो तोडतो.

तसेच दुहेरी बंध आपल्या श्वासनलिकांच्या अस्तरातल्या स्निग्ध पदार्थांत आहेत. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाकाघशातल्या ओलाव्यात पुरता अडकत नाही. पार बारीक वायुनलिकांपर्यंत जातो. अस्तरावरच्या द्रवातलं क जीवनसत्त्व आणि युरिक अॅसिड आधी त्याच्याशी झुंजतात. ते कमी पडलं की स्निग्ध रेणू तुटतात, सूज येते. खोल श्वास घेतला की खोकला येतो, छाती आवळते. दम्याच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. उन्हात जोरात धावणाऱ्या धडधाकट तरुणाच्याही फुप्फुसांची क्षमता तात्पुरती घटते. हवेतल्या ओझोनसाठी भारताची मर्यादा 8 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम, तासाभरासाठी 180.

'ओझोनयुक्त ताजी हवा' देणारी यंत्रं घरासाठी विकली जातात, याचा मला मनापासून राग येतो. जंतू मरतील इतका ओझोन खोलीत भरला, तर त्या खोलीत माणसाने थांबू नये.

एन-95 मास्क धूलिकण अडवतो, ओझोन वायू अडवत नाही. मात्र ओझोन भिंती, पडदे, फर्निचर यांच्याशी झटकन अभिक्रिया करून संपतो, त्यामुळे दुपारी खिडक्या लावून घेतल्या की घरात तो बराच कमी राहतो. रात्री तो उतरतो, पावसाळ्यात ढग आणि समुद्री हवेमुळे आपल्याकडे सर्वांत कमी असतो, आणि कोरड्या उन्हाच्या दिवसांत दुपारी 12 ते 4 चढा. मार्च-एप्रिलमध्ये मुलांचा मैदानी सराव नेमका याच वेळेत ठेवणाऱ्या शाळांनी तो सकाळी लवकर घ्यावा.