रोम आणि रोमचे प्रतिस्पर्धी

टायबर नदीकाठच्या एका नगरराज्यापासून भूमध्य समुद्राभोवतीच्या साम्राज्यापर्यंत वाढत गेलेल्या प्राचीन रोमला ज्या सत्तांशी झुंजावे लागले, त्यांत कार्थेज, अलेक्झांडरच्या वारसदारांची ग्रीक राज्ये आणि इराणातील पार्थियन व सॅसॅनियन राजवटी प्रमुख होत. चीनचे हान साम्राज्य तुल्यबळ होते, पण दोघांची रणांगणावर कधी गाठ पडली नाही. यांतील प्रत्येक सत्ता कोणत्या ना कोणत्या विद्येत रोमच्या पुढे होती. पराभव पचवून पुन्हा उभे राहण्याच्या बाबतीत मात्र रोमची बरोबरी करणारे कोणी नव्हते.

कार्थेज हे फिनिशियन लोकांनी आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर वसवलेले नगर. परंपरेनुसार स्थापना इ. स. पू. ८१४. ॲरिस्टॉटलने त्याच्या राज्यव्यवस्थेची वाखाणणी केली, आणि ग्रीकेतर नगराला असा मान मिळणे विरळाच. त्याच्या गोलाकार युद्धबंदरात २२० जहाजांची सोय होती, असे ग्रीक इतिहासकार ॲपियन लिहितो. सिसिलीत मार्साला येथे सापडलेल्या प्यूनिक, म्हणजे कार्थेजी, जहाजाच्या फळ्यांवर जुळणीसाठी अक्षरे घातलेली आढळली. म्हणजे हे लोक जहाजांचे भाग आधी ठरवून करीत आणि मग जोडीत. याउलट, किनाऱ्याला लागलेले एक कार्थेजी जहाज नमुना म्हणून समोर ठेवून रोमने आपले आरमार उभारले, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. पहिल्या प्यूनिक युद्धात (इ. स. पू. २६४–२४१) वादळांनी रोमचे ताफेच्या ताफे बुडवले. खजिना रिता झाला, तेव्हा श्रीमंत नागरिकांनी पदरचा पैसा घालून नवी जहाजे बांधली, आणि त्याच जहाजांनी युद्ध संपवले.

इ. स. पू. २१६ मध्ये इटलीतील कॅनीच्या लढाईत कार्थेजी सेनापती हॅनिबलने एका दिवसात सुमारे पन्नास हजार रोमन कापले. दुसरे कोणतेही राज्य इथे तहाला बसले असते. रोमच्या सेनेटने शत्रूच्या हाती सापडलेल्या आपल्या कैद्यांसाठी खंडणी देण्याचेही नाकारले. या हट्टामागे मनुष्यबळाचा हिशेब होता. पॉलिबियसच्या आकड्यांनुसार रोम व इटलीतील मित्रराज्ये मिळून सात लाखांहून अधिक पायदळ उभे करू शकत होती. कार्थेजची भिस्त प्रामुख्याने भाडोत्री सैनिकांवर होती. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप रोमचा शत्रू, तरी लारिसा नगराला धाडलेल्या पत्रात त्याने रोमचेच उदाहरण दिले: ते मुक्त केलेल्या गुलामांनाही नागरिक करून घेतात, म्हणून त्यांचे बळ वाढते.

इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज जाळण्यात आले. त्याच्या ग्रंथसंपदेपैकी मागो या कार्थेजी लेखकाच्या शेतीवरील २८ खंडांचे लॅटिन भाषांतर सेनेटने मुद्दाम करवून घेतले. कार्थेजची बाजू सांगणारा कार्थेजी इतिहास मात्र उरलेला नाही. आपण वाचतो ते बहुतेक जेत्यांच्या बाजूचेच.

ग्रीक राज्यांचे प्रकरण लवकर आटोपले. गणित, यंत्रविद्या, वैद्यक यांत ती निर्विवाद श्रेष्ठ होती, परंतु आपापसांतील वैरामुळे एकेक करून पडली. जिंकलेल्या ग्रीसने रांगड्या जेत्यालाच जिंकले, ही रोमन कवी होरेसची कबुली प्रसिद्ध आहे.

इराणपुढे मात्र रोमचा दम निघाला. पार्थियन म्हणजे आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतले पह्लव. इ. स. पू. ५३ मध्ये कॅऱ्हीच्या मैदानात सुरेना या पार्थियन सरदाराने रोमन सेनापती क्रॅससची फौज धुळीस मिळवली. बाण कधीतरी संपतील या आशेवर रोमन सैनिक ढाली धरून उभे राहिले, पण सुरेनाने उंटांवर लादून जादा बाण आणले होते. वीस हजार मेले, दहा हजार पकडले गेले, असे प्लुटार्क नोंदवतो. लवकरच राजा ओरोडीसने मत्सरापोटी सुरेनालाच ठार करवले. कॅनीत हरून परतलेल्या रोमन सेनापती व्हॅरोचे सेनेटने, प्रजासत्ताकाविषयी निराश न झाल्याबद्दल, जाहीर आभार मानले होते. दोन राज्यांतला फरक याहून नेमका दाखवणारी जोडी सापडणे कठीण.

इ. स. ११६, १६५ आणि १९८ मध्ये रोमनांनी पार्थियन राजधानी टेसिफोन घेतली, पण तिथे टिकता आले नाही. इ. स. २२४ नंतरची सॅसॅनियन राजवट अधिक केंद्रित आणि कणखर होती. इ. स. २६० मध्ये पहिल्या शापूरने सम्राट व्हॅलेरियनला जिवंत पकडले. नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर तो प्रसंग कोरलेला आहे. अखेरचे मोठे युद्ध ६०२ ते ६२८ असे चालले आणि दोघेही पोखरले गेले. त्यानंतर अरबांनी सॅसॅनियन राज्य बुडवले, तर पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्याच्या हातून सीरिया व इजिप्त गेले.

हान चीनमध्ये इ. स. २ च्या शिरगणतीत पावणेसहा कोटींवर माणसे मोजली गेली. बिडाचे ओतकाम आणि पुढे कागद यांत चीन पुढे. काँक्रीट, कमानी, फुंकून घडवलेली काच यांत रोम. इ. स. ९७ मध्ये गान यिंग हा चिनी दूत रोमकडे निघाला, तेव्हा पार्थियाच्या सरहद्दीवरील खलाशांनी त्याला सांगितले की, समुद्र ओलांडायला दोन वर्षेही लागतील, तीन वर्षांची शिधासामग्री घ्या. तो परत फिरला. रेशमाच्या व्यापारात मध्यस्थी करणाऱ्या पार्थियनांना ते सोयीचेच होते.

सागरी मार्ग दख्खनलाही शिवत होता. पैठणचे मौल्यवान दगड आणि तगर म्हणजे तेरचे कापड भडोचला येत असल्याची नोंद एका ग्रीक खलाशी वृत्तान्तात आहे, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती सापडली. इ. स. १६६ मध्ये रोमचा राजा ‘आनदुन’ (बहुधा सम्राट मार्कस ऑरेलियस अँटोनिनस) याचे दूत म्हणवणारे लोक चिनी दरबारी पोहोचले तेही दक्षिणेच्या याच वाटेने. त्यांनी हस्तिदंत, गेंड्याची शिंगे आणि कासवाची पाठ नजर केली. यात नवलाईचे काही नाही, असा शेरा चिनी बखरकाराने मारून ठेवला आहे.